आलेख सरकतो कुठे? शालेय गणितातील एका जुन्या प्रश्नाचा आढावा

१. प्रश्न कोणता

तापी लाइनवरची गाडी उधन्याहून निघाली की बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर असे टप्पे घेत जळगावला पोहोचते. नवापूरला राज्य बदलते आणि त्याबरोबर शाळेतले गणिताचे पुस्तकही बदलते. सूरत, उधना, बारडोली या पट्ट्यात खानदेशातून आलेली मराठी घरे पुष्कळ. कुणी कापडाच्या धंद्यात, कुणी कारखान्यात, कुणी नोकरीत. उसाच्या हंगामात बारडोलीच्या साखर कारखान्यासाठी तोडणीला येणाऱ्या टोळ्यांमध्येही धुळे-नंदुरबारकडची माणसे असतात. या घरांतली मुले कुठे गुजराती माध्यमात शिकतात, कुठे सूरत महानगरपालिकेच्या मराठी शाळेत, कुठे इंग्रजी माध्यमात. त्यांची मामे-आते भावंडे मात्र बालभारतीच्या पुस्तकातून शिकत असतात.

दहावीतली अशी दोन भावंडे सुट्टीत एकत्र आली आणि वर्गसमीकरणाचा विषय निघाला, तर एक गमतीची गोष्ट दिसते. गुजरातकडच्या मुलाने वर्गबहुपदीचा आलेख, म्हणजे अन्वस्त, पुस्तकात पाहिलेला असतो. पण पूर्ण वर्ग करून समीकरण सोडवण्याची पद्धत त्याच्या पुस्तकातून गेलेली असते. महाराष्ट्रातल्या मुलाला पूर्ण वर्ग करता येतो, पण त्या वर्गाचा वक्र काढण्याची वेळ त्याच्यावर आलेली नसते. वास्तविक या दोन गोष्टी एकमेकींचे स्पष्टीकरण आहेत. पूर्ण वर्ग करणे म्हणजे मूळ अन्वस्त किती उजवीकडे आणि किती खाली सरकला ते शोधणे.

या आढाव्याचा विषय नेमका हा सांधा आहे. फलनाचे आलेख शाळेत कधी आणि कसे शिकवावेत, आणि एका ओळखीच्या आलेखावरून दुसरा आलेख मिळवण्याची कला, म्हणजे आलेखांची रूपांतरणे, कुणी, कोणत्या इयत्तेत, कोणत्या वाटेने शिकवावीत, यावर गेली शंभरहून अधिक वर्षे मतमतांतरे आहेत. रूपांतरणे मोजकीच आहेत. फ(क्ष) या फलनात बाहेरून क मिळवला तर आलेख वर जातो. आत, म्हणजे क्ष मध्ये, क मिळवला तर तो डावीकडे जातो. बाहेरून गुणले तर उभा ताणला जातो, आत गुणले तर आडवा आक्रसतो. उणे चिन्ह बाहेर आले तर क्ष-अक्षात प्रतिबिंब मिळते, आत आले तर य-अक्षात. यादी एवढीच. तरी अनुभवी शिक्षकांनाही हा भाग अवघड जातो, आणि तो का अवघड जातो यावरच सगळी चर्चा उभी आहे.

२. पार्श्वभूमी

बदलणारी राशी रेघेच्या उंचीने दाखवण्याची कल्पना चौदाव्या शतकात निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाकडे सापडते. १६३७ साली देकार्तने भूमिती आणि बीजगणित यांची गाठ घातली. फेर्माही त्याच सुमारास त्याच वाटेवर होता. १७४८ साली ऑयलरने आपल्या विश्लेषणाच्या ग्रंथात फलनाला मध्यवर्ती जागा दिली. पण हे सारे गणितज्ञांचे विश्व. शाळेच्या वर्गात आलेख यायला विसावे शतक उजाडावे लागले.

त्याला दोन माणसे मुख्यत्वे कारणीभूत ठरली. इंग्लंडमध्ये जॉन पेरी या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने १९०१ साली ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात शालेय गणितावर भाषण केले. युक्लिडच्या प्रमेयांची घोकंपट्टी कमी करा आणि मुलांच्या हाती चौकटीचा कागद द्या, असे त्याच्या आग्रहाचे सार होते. जर्मनीत फेलिक्स क्लाइनच्या प्रेरणेने १९०५ साली मेरान येथे जो अभ्यासक्रम मांडला गेला, त्यात फलनाच्या अंगाने विचार करण्याची सवय हे शालेय गणिताचे एक मध्यवर्ती सूत्र ठरवले गेले. दोघेही आलेखाच्या बाजूचे. हेतू मात्र वेगळे. पेरीला आलेख हे मोजमापाचे आणि कामाचे साधन म्हणून हवे होते, क्लाइनला गणिताच्या विखुरलेल्या शाखा जोडणारा धागा म्हणून. साधन की धागा, हा फरक आजच्या वादातही जसाच्या तसा आहे.

हिंदुस्थानात हे वारे इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून आले. इथल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या हॉल आणि नाइट यांच्या बीजगणिताच्या पुस्तकांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेखांची भर पडली. स्वातंत्र्यानंतर, १९६०च्या दशकात जगभर नव्या गणिताची लाट आली आणि फलनाची व्याख्या संच, संबंध आणि क्रमित जोड्या यांच्या भाषेत होऊ लागली. १९६१ साली स्थापन झालेल्या एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आजही तोच क्रम आहे : आधी संच, मग संबंध, मग फलन, आणि त्यानंतर आलेख. बदलत्या राशींपासून सुरुवात करायची की संचांपासून, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा संचांच्या बाजूने लागले आणि पाठ्यपुस्तकांनी ते कायम ठेवले.

३. आजच्या पुस्तकांत काय आहे

गुजरात मंडळाने २०१८पासून टप्प्याटप्प्याने गणित आणि विज्ञानासाठी एनसीईआरटीची पुस्तके स्वीकारली. त्यामुळे बारडोलीच्या मुलाचा आलेखांचा प्रवास पाहायचा तर तीच पुस्तके पाहावी लागतात. आठवीच्या जुन्या पुस्तकात आलेखांची ओळख होती : पेट्रोलचे लिटर आणि किंमत, मुद्दल आणि सरळव्याज, वेळ आणि अंतर. नववीत दोन चलांतील रेषीय समीकरणे येतात. मात्र २०२२मध्ये अभ्यासक्रमाचा भार हलका करताना त्यातला आलेख काढण्याचा भाग वगळला गेला. दहावीत दोन रेषांचा छेदबिंदू आणि बहुपदीच्या शून्यांचा भौमितिक अर्थ आहे. पूर्ण वर्गाची पद्धत दहावीतून गेली. अकरावीत मापांक, चिन्ह, महत्तम पूर्णांक वगैरे फलनांचे आलेख एकामागून एक येतात, आणि मग त्रिकोणमितीय फलनांचे. बारावीत व्यस्त त्रिकोणमितीय फलने शिकवताना मूळ आलेखाचे य = क्ष या रेषेतले प्रतिबिंब दाखवले जाते.

या सगळ्या प्रवासात आलेखांची रूपांतरणे या नावाचे स्वतंत्र प्रकरण कुठेही नाही. ती आडवाटेने भेटतात. आरंभबिंदूचे स्थलांतर अकरावीच्या सरळ रेषांच्या पुरवणी मजकुरात आहे. साइन क्ष, साइन २क्ष, २ साइन क्ष आणि साइन क्ष/२ हे चार आलेख एकाच अक्षांवर काढण्याचा सुंदर उपक्रम एनसीईआरटीच्या अकरावीच्या प्रयोगपुस्तिकेत आहे, मुख्य पाठात नाही. ज्या शाळेत गणिताची प्रयोगशाळा वेळापत्रकापुरतीच असते, तिथल्या मुलाला तो भेटेलच असे नाही.

महाराष्ट्रात आठवीला चलन, नववीला निर्देशक भूमिती आणि दोन चलांतील समीकरणे, दहावीला आलेख पद्धतीने व निश्चयकाने एकसामयिक समीकरणे असा क्रम २०१८च्या आसपासच्या पुस्तकांत आहे. दहावीच्या वर्गसमीकरणांच्या प्रकरणात पूर्ण वर्ग आहे, वक्र काढण्यावर भर नाही. फलनांचे आलेख खऱ्या अर्थाने अकरावीलाच सुरू होतात, तेही विज्ञान किंवा गणित घेतलेल्या मुलांसाठी.

तुलनेसाठी बाहेर पाहिले तर अमेरिकेच्या २०१०च्या सामायिक मानकांत फ(क्ष) + क, क फ(क्ष), फ(क क्ष) आणि फ(क्ष + क) यांचा आलेखावरचा परिणाम ओळखणे ही स्वतंत्र अपेक्षा म्हणून लिहिलेली आहे. इंग्लंडच्या जीसीएसई परीक्षेच्या वरच्या स्तरावर स्थानांतर आणि परावर्तन येते. आपल्याकडे विषय नाही असे नव्हे. तो दहावी आणि अकरावी, मुख्य पुस्तक आणि पुरवणी, शाळा आणि क्लास यांच्या मधल्या फटीत आहे.

४. मुले नेमकी कुठे अडतात

या प्रश्नावरचे संशोधन विपुल आहे. १९९० साली लाइनहार्ट, झास्लावस्की आणि स्टाइन यांनी फलने व आलेख यांच्या अध्ययन-अध्यापनावरचे तोवरचे काम एकत्र मांडले. तो आढावा आजही या विषयाचा आधार मानला जातो. त्यातून आणि नंतरच्या अभ्यासांतून अडचणींचे तीन थर दिसतात.

पहिला थर वाचनाचा. मूल आलेखाकडे चित्र म्हणून पाहते. वेळ-अंतराचा आलेख वर चढला की गाडी घाट चढते आहे असे त्याला वाटते. उंची आणि चढ यांची गल्लतही नेहमीची : जो आलेख वर आहे तोच जास्त वेगाचा, असा समज होतो.

दुसरा थर काढण्याचा. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातले क्ष² − ३क्ष − ४ हे उदाहरण घ्या. क्ष ला −२ पासून ५ पर्यंत पूर्णांक किमती दिल्या की य च्या किमती मिळतात ६, ०, −४, −६, −६, −४, ०, ६. आठही बिंदू अचूक मांडणारा मुलगा मधल्या दोन −६ पाशी अडखळतो. काही मुले ते दोन बिंदू आडव्या रेघेने जोडतात आणि अन्वस्ताला सपाट बूड येते. खरा तळ क्ष = १.५ पाशी, −६.२५ इतका खाली आहे. तो कोष्टकात नाहीच. पूर्ण वर्ग केला तर (क्ष − १.५)² − ६.२५ असे रूप मिळते आणि तळ आपोआप समोर येतो. बिंदूंच्या कोष्टकातून आलेखाचा आकार कळेलच याची हमी नसते, हे दाखवायला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

तिसरा थर रूपांतरणाचा, आणि सर्वांत चिवट. य = (क्ष − ३)² चा आलेख य = क्ष² च्या उजवीकडे तीन घरे असतो. उणे चिन्ह पाहून मूल तो डावीकडे नेते. १९९४ साली आयझेनबर्ग आणि ड्रेफस यांनी संगणकाच्या मदतीने विद्यार्थ्यांना रूपांतरणे शिकवून पाहिली. उभ्या सरकण्यापेक्षा आडवे सरकणे मुलांना स्पष्टपणे अवघड गेले. २००३ साली कॅनडात झाझकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांनाही याच अन्वस्ताबद्दल विचारले. उजवीकडे सरकतो हे पुष्कळांना ठाऊक होते. तो का सरकतो याचे समाधानकारक उत्तर मात्र थोड्यांकडेच होते. नियम पाठ, कारण हरवलेले, असा एकूण निष्कर्ष.

हे का होते, याची एक मीमांसा आना स्फार्ड यांनी १९९१ साली मांडली. फलन ही आधी एक क्रिया असते : किंमत घाल, उत्तर घे. पुढे कधीतरी ती क्रिया गोठून एक वस्तू बनते, तिच्यावरच पुढच्या क्रिया करता येतात. आलेख सरकवायचा तर अख्खे फलन हाती धरता आले पाहिजे. जे मूल अजून एकेक किंमत घालण्याच्या टप्प्यावर आहे, त्याला फ(क्ष − ३) हे वजाबाकीचे उदाहरण दिसते, एका वस्तूची हालचाल दिसत नाही.

उदाहरणांची निवडही अडचण वाढवते. शाळेत सुरुवात रेषेपासून होते; पण य = २क्ष + ६ ही रेषा य = २क्ष वरून सहा घरे वर गेली म्हणा की तीन घरे डावीकडे, दोन्ही खरे. पुढे क्ष² चा आलेख येतो. तिथे चार पट उभा ताण आणि निम्मा आडवा आक्रस यांचे चित्र एकच. म्हणजे जी फलने सर्वांत सोपी म्हणून आधी निवडली जातात, त्यांच्यात रूपांतरणांमधला भेद नेमका दिसत नाही. तो दिसायला साइनसारखा वक्र किंवा तुकड्यातुकड्यांनी काढलेला वाकडातिकडा आलेख लागतो.

५. शिकवण्याच्या चार वाटा

पहिली वाट बिंदूंची. कोष्टक करा, बिंदू मांडा, वक्र काढा. नंतर दोन आलेखांची तुलना करा. आपल्या बहुतेक वर्गांत हीच रूढ आहे. तिचे समर्थक सांगतात की हाताने काढल्याशिवाय आलेख डोक्यात बसत नाही आणि प्रत्येक बिंदू म्हणजे एक खरे विधान आहे ही जाणीव इथूनच येते. (क्ष − ३)² चे कोष्टक केले की क्ष च्या ० ते ६ या किमतींना ९, ४, १, ०, १, ४, ९ अशी उत्तरे मिळतात आणि शून्य ३ पाशी गेलेले डोळ्यांना दिसते. आक्षेप असा की यात वेळ फार जातो, आणि दहा बिंदू मांडूनही अख्ख्या आकाराचा विचार करण्याची वेळ येतेच असे नाही.

दुसरी वाट घराण्यांची. प्रत्येक प्रकारच्या फलनाचा एक मूळ आलेख पक्का करा आणि बाकीचे त्याची रूपे म्हणून ओळखा. रशियात १९६०च्या दशकात गेल्फंड, ग्लागोलेवा आणि श्नोल यांनी पत्रद्वारे शिकणाऱ्या मुलांसाठी लिहिलेले फलने आणि आलेखांवरचे छोटे पुस्तक हे या वाटेचे नामांकित उदाहरण. पुढे ते इंग्रजीतही गेले. या वाटेचे बळ तिच्या काटकसरीत आहे : सहा-सात आकार आणि मूठभर हालचाली एवढ्यावर शेकडो आलेख उभे राहतात. दुसरी बाजू ही की नियम कारणांच्या पुढे धावू लागतात. बाहेरचे सरळ, आतले उलट असे सूत्र पाठ झाले की फ(२क्ष − ६) पाशी फजिती होते. आधी सहा घरे उजवीकडे सरकवून मग निम्म्याने आक्रसले तर |क्ष| चे टोक बरोबर ३ वर येते. आधी आक्रसून मग सहा घरे सरकवले तर ते ६ वर जाते, आणि ते चूक. आधी आक्रसायचे असेल तर आत २(क्ष − ३) असे लिहून तीनच घरे सरकवावे लागते. क्रम का बदलतो हे पाठ केलेल्या सूत्रात सापडत नाही.

तिसरी वाट प्रसंगांची. १९८५ साली नॉटिंगहॅमच्या शेल सेंटरने माल्कम स्वान यांच्या पुढाकाराने फलने व आलेखांच्या भाषेवर जे साहित्य काढले, त्यात सूत्राआधी प्रसंग होते : वेगवेगळ्या आकारांच्या बाटल्या भरताना पाण्याची पातळी कशी चढेल, असे. पुढे कॉन्फ्री आणि स्मिथ, तसेच थॉम्पसन आणि कार्लसन यांनी दोन राशी एकमेकींबरोबर कशा बदलतात यावर भर देणारी मांडणी विकसित केली.

बारडोलीच्या वर्गात अशा प्रसंगांना तोटा नाही. क्ष ही घड्याळातली मिनिटे आणि फ(क्ष) म्हणजे गाडीचे उधन्यापासूनचे अंतर धरा. आज गाडी चाळीस मिनिटे उशिरा सुटली आणि पुढे वेळापत्रकाच्याच वेगाने धावली. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ती कुठे असेल? जिथे ती साडेसहाला असायला हवी होती, तिथे. म्हणजे आजचे अंतर फ(क्ष − ४०). उणे आले ते जुन्या वेळापत्रकात मागे जाऊन पाहावे लागते म्हणून, आणि आलेख उजवीकडे गेला तो सगळे काही उशिरा घडते म्हणून. आता अंतर उधन्याऐवजी बारडोलीपासून मोजले तर प्रत्येक अंतरातून एकच आकडा वजा होतो आणि आलेख नुसता खाली येतो. वेळेशी खेळले तर आडवी हालचाल, अंतराशी खेळले तर उभी.

ताणण्याचे उदाहरण तर बारडोलीच्या इतिहासातच आहे. १९२८चा सत्याग्रह शेतसाऱ्याच्या वाढीविरुद्ध होता. आधी ३० टक्के वाढ सुचवली गेली, सरकारने ती सुमारे २२ टक्क्यांवर आणली आणि सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड-मॅक्सवेल चौकशीतून ती ६.०३ टक्क्यांवर आली. सर्वांना सारखाच दर लागला असे गणितापुरते मानू. आडव्या अक्षावर जुना सारा आणि उभ्या अक्षावर नवा सारा घेतला तर तीन रेषा मिळतात. तिन्ही आरंभबिंदूतून जातात, प्रत्येकीचा चढ वेगळा. पन्नास रुपये भरणाऱ्याचे अनुक्रमे ६५, ६१ आणि सुमारे ५३ रुपये होतात. दरडोई ठरावीक रक्कम वाढवली असती तर रेषा ताणली न जाता समांतर वर उचलली गेली असती, आणि लहान शेतकऱ्याला ती जास्त जाचली असती.

या वाटेवरचा आक्षेपही विचारात घेण्याजोगा आहे. प्रसंगातून सूत्राकडे जाणे प्रत्येक मुलाला जमतेच असे नाही. गाडीचे उदाहरण समजलेले मूल (क्ष − ३)² पाशी पुन्हा चुकू शकते, कारण तिथे ना घड्याळ असते ना स्टेशन. शिवाय शब्दांचा भार वाढतो, आणि घरची भाषा एक व शाळेची दुसरी असलेल्या मुलाला तो आधी पेलावा लागतो.

चौथी वाट भूमितीची. झाझकिस आणि सहकाऱ्यांनी आपल्या अभ्यासाच्या शेवटी सुचवलेली दिशा हीच. सूत्रापासून सुरुवात करू नका. प्रतलावरचा प्रत्येक बिंदू तीन घरे उजवीकडे न्या आणि मग विचारा, की नव्या जागी गेलेल्या बिंदूंचे समीकरण काय? नवा क्ष हा जुन्या क्ष पेक्षा तीनने मोठा. म्हणून जुना क्ष म्हणजे नवा उणे तीन. आणि जुने समीकरण जुन्या क्ष ला लागू होते. चिन्ह उलटे का दिसते याचे कोडे इथे सुटते. आपल्याकडच्या आरंभबिंदूच्या स्थलांतराशी या वाटेचे जवळचे नाते आहे. फरक एवढाच की तिथे वक्र जागच्या जागी राहतो आणि अक्ष सरकतात. दोन्ही दृष्टी एकाच वर्षी शिकवाव्यात की एकच, यावर मतभेद आहेत. दोन्ही शिकवल्या तर समज खोल होते असे काहींचे म्हणणे. चिन्हांचा गोंधळ दुप्पट होतो असे इतरांचे.

६. चौकटीचा कागद की पडदा

१९८५ साली कॅसिओने आलेख दाखवणारा कॅल्क्युलेटर बाजारात आणला आणि या वादाला नवे अंग फुटले. १९८९च्या अमेरिकन गणितशिक्षक संघटनेच्या मानकांनी अशा साधनांचा पुरस्कार केला. पुढे ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टर यांच्या विद्यार्थिदशेतील कामातून जिओजेब्रा आले, २०११मध्ये डेस्मॉस आले. आज स्लायडर ओढला की अन्वस्त डोळ्यांदेखत सरकतो, आणि त्यासाठी साधा मोबाइलही पुरतो. भारतात अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या पाठबळाने २०१२पासून निघणाऱ्या ‘ॲट राइट अँगल्स’ या नियतकालिकाने जिओजेब्राच्या वर्गातील वापरावर सातत्याने लिखाण छापले आहे.

पडद्याच्या बाजूने मुख्य मुद्दा असा : स्फार्ड ज्याला वस्तू म्हणतात ते फलन इथे खरोखर हाताने ओढता येते. कोष्टकात जाणारा वेळ वाचतो आणि तो विचाराला देता येतो. विरुद्ध बाजूचा मुद्दा असा की सरकताना पाहणे म्हणजे का सरकले ते समजणे नव्हे. १९८८ साली पॉल गोल्डनबर्ग यांनी पडद्यावरच्या फसव्या दृश्यांकडे लक्ष वेधले होते. पडद्याची चौकट मर्यादित असल्याने वर सरकवलेली रेषा आडवी सरकल्यासारखी भासते. उभा सरकवलेला अन्वस्त रुंद किंवा अरुंद झाल्यासारखा वाटतो. अक्षांची मापे बदलली की चढ बदललेला दिसतो. कागदावर हे भ्रम कमी होतात, कारण मापे मुलाने स्वतः ठरवलेली असतात.

पुरावा काय सांगतो? २००३ साली एलिंग्टन यांनी शाळकरी मुलांच्या कॅल्क्युलेटर-वापरावरील ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. साधन शिकवण्यात आणि परीक्षेत अशा दोन्ही ठिकाणी होते, तिथे मुलांची क्रियाकौशल्ये आणि उदाहरणे सोडवण्याची क्षमता वाढलेली दिसली. आपल्या दृष्टीने यातला परीक्षेचा भाग कळीचा आहे. आपल्या बोर्डाच्या परीक्षेत आलेख दाखवणारे साधन नाही. वर्गात पडदा आणि परीक्षेत कागद, ही आपली स्थिती. त्यामुळे तिकडचे निष्कर्ष जसेच्या तसे इकडे लावता येत नाहीत. कागदाचे आणि पडद्याचे समर्थक एका गोष्टीवर मात्र जवळ येतात : आधी अंदाजाने कच्चा आलेख काढायला लावावा, मग पडद्यावर पडताळावा. उलटा क्रम दोघांनाही पसंत नाही.

७. परीक्षा, क्लास आणि वेळ

बारडोलीच्या विज्ञान शाखेच्या मुलापुढे बोर्ड, गुजसेट आणि जेईई अशा तीन परीक्षा असतात. नंदुरबारच्या मुलापुढे गुजसेटच्या जागी राज्याची सीईटी. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत रूपांतरणांना थेट गुण क्वचितच असतात. प्रवेश परीक्षांत मात्र आलेखाचा उपयोग पदोपदी होतो. साइन क्ष = क्ष/१० या समीकरणाला किती उकली, असा प्रश्न बीजगणिताने सुटत नाही. दोन आलेख काढले की सात छेदबिंदू मोजता येतात. म्हणून क्लासमध्ये हा विषय अकरावीच्या सुरुवातीलाच, स्वतंत्र प्रकरण म्हणून शिकवला जातो, आणि अमित अगरवाल यांच्या ‘प्ले विथ ग्राफ्स’सारखी पुस्तके त्यासाठीच आहेत.

याकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. एका मते क्लासने शाळेची उणीव भरून काढली. |फ(क्ष)| आणि फ(|क्ष|) यांतला फरक ज्या सफाईने तिथे शिकवतात, तितका वेळ शाळेकडे नसतो. दुसऱ्या मते इथे विषय युक्त्यांच्या यादीत बदलतो आणि फी परवडणाऱ्यांपुरता उरतो. एनसीईआरटीच्या गणित-अध्यापनावरील राष्ट्रीय फोकस गटाने, आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखाली, २००६च्या टिपणात गणितशिक्षणाचा उद्देश मुलाच्या विचाराचे गणितीकरण हा मानला होता आणि यांत्रिक मूल्यमापनाबद्दल चिंता व्यक्त केली होती. रूपांतरणांचा विषय या चिंतेच्या अगदी मध्यावर येतो. समजून शिकला तर विचार घडवणारा आणि पाठ केला तर केवळ गुण देणारा, असा विषय इतका सरळ दुसरा मिळणे कठीण.

८. काय ठरले, काय उरले

शंभरहून अधिक वर्षांच्या चर्चेतून काही गोष्टींवर बऱ्यापैकी एकमत झाले आहे. आडवे सरकणे उभ्यापेक्षा अवघड आहे आणि ते केवळ नियम सांगून सुटत नाही. रेषा आणि क्ष² ही रूपांतरणे शिकवायला एकटी पुरेशी नाहीत. कोष्टक, सूत्र, आलेख आणि प्रसंग या चारांपैकी एकावरच मुक्काम केला तर समज अर्धवट राहते. आत जे घडते ते क्ष शी, बाहेर जे घडते ते य शी, हा भेद सर्व वाटांच्या मुळाशी आहे.

अनिर्णित प्रश्न मुख्यत्वे चार. पहिला, वय. अमेरिकन मानकांप्रमाणे हा विषय माध्यमिक टप्प्यातच उघडपणे आणावा, की फलन वस्तू म्हणून पेलता येईपर्यंत अकरावीची वाट पाहावी? दुसरा, क्रम. संचांपासून फलनाकडे की बदलत्या राशींपासून? राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ साली आला, त्यानुसार ‘गणित प्रकाश’ ही नवी पुस्तके २०२४मध्ये सहावीला आणि २०२५मध्ये सातवी-आठवीला आली. वरच्या इयत्तांत हा क्रम बदलतो का, हे या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरेल. तिसरा, साधन. परीक्षा कागदावर असेपर्यंत पडद्याला वर्गात किती जागा द्यायची? चौथा, शिक्षक. कॅनडातल्या अभ्यासात शिक्षकही कारणापाशी अडले होते. तेव्हा पुस्तकात प्रकरण वाढवण्याआधी प्रशिक्षणात ते यायला हवे, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा सहज बाजूला सारता येत नाही.

या चारांच्या आधी एक साधी गोष्ट मात्र करता येण्याजोगी आहे, आणि तिला कुठल्याच भूमिकेचा विरोध असण्याचे कारण नाही. गुजरातच्या दहावीत वक्र आहे आणि महाराष्ट्राच्या दहावीत पूर्ण वर्ग आहे. क्ष² − ३क्ष − ४ हे एकच उदाहरण दोन्ही बाजूंनी सोडवायला दोन तास पुरतात. त्यासाठी ना नवे साधन लागते, ना नवे प्रकरण. रूपांतरणे कोणत्या इयत्तेची, हा वाद त्यानंतरही चालेल; पण तोपर्यंत मुलाला आपला अन्वस्त दीड घर उजवीकडे आणि सव्वासहा घरे खाली का गेला, हे सांगता येईल.